भिंगाचा वळ

ता. ५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या भावाचे शि. सा. न. वि. वि.

कागद घेऊन बसलो याचं कारण, घरात कुठंतरी पाणी मुरतंय आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही. ओरडून सांगावं तर तुझ्याआधी भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू जातं. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच आहेत. उठताना बोलतात, बसताना शिव्या देतात.

सूनबाई रोज कामाला जाते म्हणते, ती नक्की कुठं जाते हे मला कळेनासं झालंय.

आमच्या गल्लीतल्या बायका सगळ्या कमावत्या. समोरची बसमध्ये कंडक्टर आहे, तिच्या वरच्या मजल्यावरची दवाखान्यात नर्स, कोपऱ्यावरची केस कापायचं दुकान चालवते. टपाल टाकते तीसुद्धा बाईच. (पाकीट नीट चिकटवत जा. ती उजेडात धरून बघते असा मला दाट संशय आहे.) उरल्या आमची शेजारीण, ढब्बी, लांबडी आणि आपली सूनबाई. या चौघी घड्याळांच्या कारखान्यात. सकाळी हसत-खिदळत जाणार आणि संध्याकाळी पाय ओढत येणार. मी खिडकीत बसून कोण कधी आलं ते बघतो. हसू नकोस. एकतीस वर्षं लोखंडाच्या कारखान्याच्या फाटकावर उभा राहिलोय. माणूस किती वाजता आत गेला, कधी बाहेर आला, त्याचा हात कसा, चाल कशी, हे बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही. रंगखात्यातला माणूस मी कानामागं बघून ओळखायचो. तोंड सगळे धुतात, कानामागं कुणी धूत नाही.

आता मुद्द्याचं. घड्याळात काटे बसवायचं काम फार बारीक. डोळ्याला भिंग लावून करावं लागतं. ते भिंग भुवई आणि गालाच्या मध्ये दिवसभर चिमटून धरलं की डोळ्याभोवती गोल वळ उठतो, बाटलीच्या बुचाएवढा. दिवेलागणीपर्यंत तो जात नाही. चार वर्षं सूनबाईच्या उजव्या डोळ्याभोवती तो वळ मी रोज बघितला. आपली छकुली लहान असताना विचारायची, आईच्या डोळ्यावर शिक्का कोण मारतं म्हणून. तर अक्का, तीन आठवडे झाले, वळ नाही. शेजारणीच्या डोळ्याभोवती आहे, ढब्बीच्या आहे, लांबडीच्या आहे. हिचा चेहरा मात्र साफ.

शिवाय आता ती त्या तिघींबरोबर जात नाही. अर्धा तास आधी निघते, अर्धा तास उशिरा येते. मी सहज विचारलं, तर म्हणाली हल्ली काम वाढलंय. काम वाढलं तर वळही वाढायला नको का?

चिरंजीव तिकडे धरणावर क्रेन चालवतोय, वर्षातून दोनदा घरी येतो. त्याच्या मागं या घराची राखण माझ्याकडे. मी काय करू ते लिही.

पोरका आहे समज आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटाला तू एवढा डिंक फासला होतास की उघडताना तुझी निम्मी काळजी फाटून गेली. उरलेली वाचली.

भाऊ, तुला नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, पण फाटक काही तुझ्यातून जात नाही. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिवण शिकवलं. एखादी पोर शिवायची थांबली तर मी तिच्या बोटाला सुई टोचली का ते आधी बघायची. ती चोरटी आहे का ते नाही. वळ नाही म्हणजे डोळ्याला आराम मिळाला असेल, एवढं साधं तुझ्या डोक्यात येत नाही का?

तिला समोर बसवून सरळ विचार. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुझी बायको गेली तेव्हा या मुलीनं तुला महिनाभर हाताला धरून उठवलं-बसवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि एक बजावून सांगते. तुझ्या मुलाला यातलं अक्षर लिहू नकोस. तो वाळलं गवत आहे. एक काडी पुरे. नोकरी सोडायला लावून तिला आणि पोरीला त्या धरणावरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवेल, आणि मग तू खिडकीत बसून कुणाची वाट बघणार आहेस?

गुडघ्यांना तेल लाव, मेंदूलाही थोडं लाव. राग मानलास तरी लोभ सोडायचा नाही, ही अट आहे.

तुझी,
अक्का


ता. १९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोळाला मिळालं. उशीर झाला, अक्का. चिरंजीवाला मी पंधरालाच लिहिलं. आता मला बोलू नकोस, आधी ऐकून घे.

बाराला मी समोरच्या कंडक्टरीणबाईला गाठलं. आमच्या सूनबाई कुठं दिसतात का, म्हणून विचारलं. ती पटकन बोलून गेली की रोजच दिसतात की, घड्याळांच्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असतात, बरोबर एक खाकी कपड्यांतला मिशीवाला असतो. मग माझ्या तोंडाकडे बघून चपापली, म्हणाली मला बसला उशीर होतोय, तुम्ही घरातच विचारा. बस सुटायला अजून बराच वेळ होता. मला तिच्या वेळा पाठ आहेत.

म्हणजे बघ. आत जायचं सोडून फाटकाशी उभी! तीही परक्या माणसाबरोबर! फाटकाशी कोण उभं राहतं? ज्याला आत काही काम नसतं तो.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हटलं, तुम्ही चौघी एकत्र जायचात, आता काय झालं? तिनं दळणाचा डबा खाली ठेवला, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली की आबा, तुम्ही तर विचारूच नका, तुमच्या घरात हे पिढीजातच आहे. आणि दार लावून घेतलं! आपल्या घराण्यावर एवढा शिंतोडा आजवर कुणी उडवला नव्हता. आईच्या वेळेपासून आपल्याकडे कुणाकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही. ढब्बीनं तर आपल्या मुलीला छकुलीशी खेळायला पाठवणंच बंद केलंय. एवढ्या बायका एकदम तोंड फिरवतात त्या उगाच का?

मग चौदाला एक गोष्ट केली. सांगायला जीभ रेटत नाही, पण तुझ्यापासून काय लपवू. सूनबाई अंघोळीला गेली होती, तेव्हा मी तिची पिशवी उघडली. रुमाल, डबा, कंगवा. आणि आतल्या कप्प्यात काळ्या दोरीला बांधलेली एक शिट्टी. पितळी, जड, नवी कोरी. बाईमाणसाच्या पिशवीत शिट्टीचं काय काम? खाकी कपडे आणि शिट्टी, दोन्ही जोडून बघितलं. माणूस बसवाला आहे. तिनं आठवण म्हणून ठेवली असणार. मी जिथली वस्तू तिथं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं.

कपाटाचा खालचा कप्पाही आता कुलपात असतो. मी फिरायला बाहेर पडलो की इस्त्री तापते. परत येतो तेव्हा खोलीत वास असतो, पण इस्त्रीचा कपडा एकही दिसत नाही.

अक्का, मी बरोबर केलं ना? चिरंजीव माझाच मुलगा आहे. त्याला कळायला नको का?

उलट टपाली लिही. शिव्या घातल्यास तरी चालतील, शेवटी आशीर्वाद घाल म्हणजे झालं.

तुझा,
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कांना,
सूनबाईचा शि. सा. नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. तुमची पत्रं आबांना येतात तेव्हा त्यांचा चेहरा उजळतो, म्हणून वाटलं तुमच्याशी बोलावं.

रविवारी यांचा फोन आला. म्हणाले की नोकरी सोड, पोरीचा शाळेचा दाखला काढ, वीस मार्चला मी न्यायला येतोय. कारण विचारलं तर म्हणाले ते तुझं तुला माहीत असेल. कुणी लिहिलं हे मला विचारावं लागलं नाही. माझी पिशवी कुणीतरी उघडली होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी शिट्टी दोरी गुंडाळून ठेवते, ती सुटी होती. रोज दीडशे पिशव्या बघते मी, अक्का. हात लागलेली पिशवी मला कळते.

होय, मी कारखान्याच्या फाटकावर आहे. डिसेंबरात माझ्या उजव्या डोळ्यापुढे धूसर यायला लागलं. सेकंदकाटा दोनदा वाकडा बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डोळा जाणार नाही, पण बारीक काम आता बंद. साहेबांनी दोनच वाटा ठेवल्या. घरी जा, नाहीतर फाटकावर बायकांची झडती घ्यायला उभी राहा. मी फाटक घेतलं. पहिला महिना जुन्या पहारेकरीकाकांनी शिकवलं, ते पावसाळ्याआधी निवृत्त होतील.

पहिल्याच दिवशी रांगेत शेजारीणबाई होत्या. बारीक भाग केसांत लपतात, म्हणून अंबाडा चाचपावा लागतो. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला न्हाऊ घातलं होतं आणि मी सगळ्यांदेखत त्यांच्या अंबाड्यात बोटं घातली. त्या अंबाडा पुन्हा बांधत निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर चालायच्या बंद झाल्या. सगळ्यांना वाटतं की आबांनीच मला हे शिकवलं.

आबांना का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. ते रोज जेवताना एकदा तरी म्हणतात की फाटकावरच्या माणसाला जग शत्रू समजतं, आपल्या घरात पुन्हा कुणी या कामाला शिवू नये. यांना डोळ्याचं सांगितलं असतं तर त्यांनी लगेच नोकरी सोडायला लावली असती. म्हणून गणवेश कुलपात ठेवला.

मला जायचं नाही, अक्का. छकुलीची शाळा इथं आहे आणि माझं काम इथं आहे. कसलंही असलं तरी ते माझं आहे. आबांना तुम्ही काही सांगू नका. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी पिशवीला विचारलं.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या. आज त्याची गरज आहे.

आपली,
सूनबाई


ता. ३ मार्च

भाऊ,

आशीर्वाद शेवटी घालते, आधी काम.

येत्या शुक्रवारी पाच वाजता घड्याळांच्या कारखान्यावर जा. काठी घे. झाडाआड लपू नकोस, फाटकाच्या समोर, सगळ्यांना दिसशील असा उभा राहा. काय दिसलं ते मला लिही. जे दिसेल तेवढंच लिही, जोडून काही लिहू नकोस.

मला जे माहीत आहे ते मी सांगणार नाही. मला तसं बजावलंय.

आशीर्वाद. या खेपेला ते कमवावे लागतील.

अक्का


ता. ९ मार्च

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. जोडत काही नाही, दिसलं ते लिहितो.

पाचला भोंगा झाला. बायका बाहेर यायला लागल्या, डोळ्यांभोवती वळ घेऊन. फाटकाच्या आत, लोखंडी दांड्याजवळ, निळ्या गणवेशात आपली सूनबाई उभी होती. कमरेला पट्टा, पायांत बूट, गळ्यात ती शिट्टी. बाजूला खाकीतला म्हातारा खुर्चीवर बसून चहा पीत होता. माझ्याहून चारदोन वर्षांनीच लहान असेल.

मी एकतीस वर्षं जे केलं ते ती करत होती आणि मला ओळखता आलं नाही. आमच्या वेळी फाटकावर बाई नसायची, एवढीच काय ती माझी सबब. शिट्टी हातात धरून मी बसवाला शोधत बसलो. शेजारीण जे पिढीजात म्हणाली, ते मला आत्ता कळलं.

अक्का, मी तिचं काम बघत होतो. चुका शोधायला गेलेला माणूस मी, आणि एकदोन चुका होत्याही. बायकांच्या डाव्या हाताकडे तिचं लक्ष कमी जातं. पण एक गोष्ट मी कधी केली नव्हती. रांग सुरू व्हायच्या आधी ती स्वतःची पिशवी टेबलावर उघडी ठेवते, आणि रांगेतली पहिली बाई आधी तिला तपासते. त्या दिवशी पहिली ढब्बी होती. तिनं हिची पिशवी अशी उपसली की डबा खाली पडून झाकण गडगडत गेलं. हिनं उचललं, पुसलं आणि काम सुरू केलं. मग शेजारीण आली. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, बाहेर सासराही आलाय, आता दोघं मिळून झडती घ्या. तेव्हा सूनबाईनं मान वर केली आणि मला बघितलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. पुढच्या बाईला हात पुढं करायला सांगितलं.

त्या दिवशी ती गणवेश न बदलता तशीच घरी आली. पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, एकेक वस्तू बाहेर काढली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली, जसे आम्ही रांगेतल्यांना उभे करायचो. मी म्हटलं हे काय करतेस, खाली घे हात. ती म्हणाली की आबा, तुमच्या फाटकावर ज्याच्याकडे काही सापडायचं नाही त्याला तुम्ही काय म्हणायचात? मी आठवून बघितलं. काहीच म्हणायचो नाही. पुढचा, एवढंच ओरडायचो.

हात तसेच होते. छकुली दारात उभी राहून बघत होती. शेवटी मी चुकलो म्हणालो. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. मग तिनं हात खाली घेतले आणि डोळ्याचं सगळं सांगितलं. चहा केला, पण एकच कप. माझा.

काल चिरंजीवाचा फोन आला. मी त्याला सांगायला लागलो की माझा गैरसमज झाला होता. तो म्हणाला, आबा, तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत ते पत्र माझ्या खिशात आहे, आता तिनं तुम्हाला फितवलं. आणि फोन ठेवला. माझाच मुलगा, अक्का. संशय कसा धरायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. वीसला येतोय.

आता त्याला पुन्हा लिहिणार आहे. आशीर्वाद कमावला की नाही ते तू ठरव. तोवर उधार दे.

तुझा,
धाकटा


ता. १२ मार्च

चि. बाळास,
आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या खिशात माझं पत्र आहे ते काढ आणि हे त्याच्या शेजारी ठेव. दोन्ही अक्षरं माझीच आहेत. आता कुठलं खरं ते नीट वाचून ठरव.

त्या पत्रात मी जे बघितलं म्हणून लिहिलं ते सगळं मी खरंच बघितलं होतं. डोळ्याभोवती वळ नव्हता, वेळ बदलली होती, पिशवीत शिट्टी होती, बायका बोलत नव्हत्या. त्यातून काढलेला अर्थ मात्र माझ्या मनातला होता. तुझ्या बायकोचा उजवा डोळा काटे बसवून बसवून अधू झाला. ती फाटकावर पहारेकरीण झाली. शिट्टी कारखान्याची आहे. खाकीतला माणूस तिला काम शिकवणारा म्हातारा आहे. मी परवा त्याच्या शेजारी बसून बोललो. तो म्हणाला, एवढी सरळ बाई त्यानं फाटकावर पाहिली नाही. बायका बोलत नाहीत त्या झडती घेते म्हणून. माझ्याशीही तीस वर्षं कुणी बोलत नव्हतं. तेव्हा तुला वाटायचं की बाप घुम्या आहे.

मी असं का लिहिलं ते सांगतो. ती हसत कामाला जायची, मग एकदम गप्प झाली. मला वाटलं ही आता जाणार. तू तिकडे, तुझी आई गेलेली, ही गेली की मी या खिडकीत एकटा. मला भीती वाटते, एवढं एक वाक्य तुला लिहायचं होतं. त्याची लाज वाटली, म्हणून मी तिच्या नावानं चार पानं भरली. पुरुषमाणसाला भीती लिहिण्यापेक्षा बाईवर आळ लिहिणं सोपं जातं. मी सातवी नापास आहे, पण एवढं मला आता समजलंय.

मी फितलेलो नाही. हे लिहिताना ती कामावर आहे. संध्याकाळी आली की पत्र तिच्या हातात देणार आहे, पाकीट उघडं ठेवून. आजवर तिच्या वस्तू मी तिच्यामागं उघडल्या. माझी एक तरी तिनं माझ्यासमोर उघडावी.

दाखला काढलेला नाही. छकुलीच्या बाईंना मी जाऊन सांगून आलो की मुलगी इथंच शिकणार आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव. तुझा राग पेलायला मी अजून धडधाकट आहे, गुडघे सोडून.

बापावर लोभ असू दे, विश्वास मात्र तपासून ठेव.

तुझे,
आबा

ता. क. हे माझं. पत्र आबांनी उघडं दिलं. मी दोनदा वाचलं, पाकीट मीच बंद केलं आणि सकाळी टपालवाल्या बाईंच्या हातात मीच देणार आहे. माझा डोळा दूरचं अजून नीट बघतो. स्टेशनवर तुम्हाला गर्दीत ओळखेन. वीसला या, पोरगी वाट बघते आहे. पण न्यायला येऊ नका.